पासवर्ड द्या, नोकरी घ्या!

एक साधा प्रश्न विचारते. उद्या एखाद्या कंपनीने तुम्हाला ऑफर लेटर दिलं आणि सोबत सांगितलं, 'रुजू होताना घराची एक किल्ली एचआरकडे जमा करा, आम्ही अधूनमधून येऊन कपाट बघून जाऊ', तर तुम्ही काय कराल? पॅकेज कितीही मोठं असलं तरी निदान एकदा विचाराल, 'का हो, माझ्या कपाटात तुमचं काय आहे?' पण हीच मागणी मोबाईलच्या बाबतीत झाली की आपली भाषा एकदम बदलते. 'दाखवला तर काय बिघडलं?', 'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?', 'नोकरी पाहिजे ना, मग दे ना बाबा!' प्लेसमेंटचा सीझन तोंडावर आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रूमवर ॲप्टिट्यूडचे पेपर सोडवले जात आहेत. त्या गडबडीतून पाच मिनिटं काढा आणि हे वाचा. हा प्रश्न कुठल्याच ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात नाही, पण इंटरव्ह्यूच्या खोलीत किंवा नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो तुमच्यासमोर येऊ शकतो.

ही कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात बोझमन नावाचं एक शहर आहे. तिथल्या नगरपालिकेच्या नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना होता. उमेदवाराने फेसबुक, गूगल, याहू, यूट्यूब, मायस्पेस वगैरे ठिकाणच्या आपल्या खात्यांची नावं लिहायची आणि त्यांच्यापुढे पासवर्डही लिहायचे! जून २००९ मध्ये ही गोष्ट बातम्यांत आली, देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच नगरपालिकेने तो रकाना काढून टाकला. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, मेरीलँड राज्याच्या तुरुंग खात्यात रॉबर्ट कॉलिन्स नावाचा एक कर्मचारी रजेनंतर कामावर परत येत होता. आई गेल्यामुळे त्याने रजा घेतली होती. मुलाखतीत त्याला फेसबुकचा पासवर्ड मागितला गेला. घरी कुटुंब, नोकरीची गरज. त्याने दिला. समोरच्या अधिकाऱ्याने त्याच्या देखत लॉगिन केलं आणि त्याचं खातं वाचायला सुरुवात केली. कॉलिन्सने हे निमूट सोडून दिलं नाही, नागरी हक्कांच्या संघटनेकडे गेला. त्या एका तक्रारीतून २०१२ मध्ये मेरीलँडमध्ये कायदा झाला, की मालकाने नोकराकडे किंवा उमेदवाराकडे वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागायचा नाही. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. मार्च २०१२ मध्ये खुद्द फेसबुकनेही जाहीर सांगितलं होतं, की पासवर्ड मागणं किंवा देणं हे आमच्या नियमांत बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, 'हे सगळं अमेरिकेत. आपल्या आनंदनगरला कोण पासवर्ड मागतंय?'

खरं आहे. आपल्याकडे पासवर्ड कुणी मागत नाही. आपल्याकडे सरळ म्हणतात, 'फोन दाखव.'

आपल्या आनंदनगर एमआयडीसीत ज्यांनी ट्रेनिंग केलंय त्यांना गेटवरचा रिवाज माहीत आहे. आत जाताना पिशवी उघडायची, बाहेर पडताना डबा उघडायचा. काही ठिकाणी कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, काही ठिकाणी फोन गेटवर जमा करून टोकन घ्यायचं. कुणी त्याबद्दल फार तक्रार करत नाही, मीही करत नाही. पितळी फिटिंग डब्यातून बाहेर जाऊ नये आणि मशीनचा फोटो शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीत पोचू नये, ही मालकाची काळजी समजण्यासारखी आहे. पण त्या झडतीला एक हद्द आहे. ती गेटपाशी सुरू होते आणि गेटपाशी संपते. सिक्युरिटीवाला डबा उघडतो, तुमच्या मागोमाग बदलापूर लोकल पकडून तुमच्या स्वयंपाकघरातले डबे उघडायला येत नाही.

माझे मामा याच भागात एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि लिहिण्याची गरजही नाही, कारण गोष्ट कुठल्याही प्लॉटवर घडू शकते. कँटीनच्या डाळीचा एक फोटो कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. डाळ कसली, पिवळं पाणीच! खाली पाचसहा जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या, एकाने कंत्राटदाराबद्दल एक तिखट वाक्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपताना सहा जणांना ऑफिसमध्ये बोलावलं. टेबलापलीकडे एचआरचा माणूस, शेजारी ठेकेदाराचा सुपरवायझर. 'फोन उघडा, ग्रुप दाखवा.' फोटो कुणी काढला ते शोधायचं होतं. मामांनी तो फोटो काढला नव्हता, एक खूणसुद्धा टाकली नव्हती. पण त्यांच्याही फोनवर बोट फिरलं. ग्रुपच्या वर-खाली काय होतं? मामीच्या तपासणीचा रिपोर्ट, पतपेढीचा हप्ता थकल्याचा मेसेज, आणि दुसऱ्या एका कंपनीत जागा आहे का म्हणून मित्राला विचारलेलं. हे शेवटचं वाचून सुपरवायझर नुसता हसला, एवढंच मामांनी सांगितलं.

मी चिडून विचारलं, 'मामा, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?' तर म्हणाले, 'अगं पोरी, पर्मनंट असतो तर म्हणालो असतो. ठेकेदाराच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं.'

या एका वाक्यात सगळा विषय आला. 'तुझ्या मर्जीने दाखव' हे वाक्य ज्याच्या हातात पगार आहे तो बोलतो तेव्हा त्यात मर्जी किती उरते? आपण हॉस्टेलवर एकमेकांना 'दाखव ना फोन' म्हणतो तेव्हा समोरचा 'चल हट' म्हणू शकतो. टेबलापलीकडच्या माणसाला 'चल हट' म्हणता येत नाही.

बरं, ही नुसती कारखान्यातली गोष्ट नाही. सोशल मीडियामुळे नोकरीवर संकट येण्याचे प्रकार महाराष्ट्रात चांगले पंधरा वर्षं चालू आहेत. मे २०१२ मध्ये मुंबईत एअर इंडियाच्या दोन केबिन कर्मचाऱ्यांना फेसबुक आणि ऑर्कुटवरच्या मजकुरावरून सायबर पोलिसांनी अटक केली. बारा दिवस ते कोठडीत होते, कंपनीने निलंबित केलं ते वेगळंच. तक्रार बाहेरच्या कुणाची नव्हती, कंपनीतल्याच सहकाऱ्याची होती. ज्या कलमाखाली हे झालं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ए कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. पण कलम रद्द झालं म्हणून गेलेले बारा दिवस परत मिळत नाहीत. अगदी अलीकडचं सांगायचं तर मे २०२४ मध्ये विद्याविहारच्या सोमय्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला नोकरीवरून काढण्यात आलं. कारण काय, तर पश्चिम आशियातल्या युद्धाविषयीच्या काही पोस्टना त्यांनी 'लाईक' केलं होतं. त्यांची मतं पटोत न पटोत, 'लाईक'वर नोकरी जाऊ शकते ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

न्यायालयं याबाबत काय म्हणतात? २०२३ या एकाच वर्षातले दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर बरंच कळतं.

पहिला आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा, डिसेंबर २०२३ चा. हिताची अस्टेमो फाय या कंपनीतल्या एका कामगाराने २०१८ मध्ये पगारवाढीचा वाद चालू असताना फेसबुकवर कंपनीविरुद्ध दोन पोस्ट टाकल्या होत्या. कंपनीने त्याला बडतर्फ केलं. कामगार न्यायालयाने कामगाराच्या बाजूने दिलेला आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला. मथितार्थ असा, की भाषणस्वातंत्र्याला मर्यादा आहे आणि कंपनीविरुद्ध लोकांना चिथावणारं जाहीर लिखाण त्या मर्यादेबाहेर जातं.

दुसरा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचा, ऑगस्ट २०२३ चा. तमिळनाडू ग्राम बँकेच्या एका कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर वरिष्ठांची टर उडवली होती. बँकेने आरोपपत्र दिलं. न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणणं असं, की नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्या लोकांमध्ये मनातली वाफ मोकळी करण्याचा हक्क आहे. चार मित्र घरी बसून साहेबाला नावं ठेवतात तेव्हा साहेब कारवाई करत नाही, मग बंद ग्रुपमध्ये बोलले म्हणून का करावी?

या दोन्ही निकालांच्या मधे एक भिंत आहे. भिंतीबाहेर चौकात उभं राहून बोललात तर जबाबदारी तुमची. मला पहिला निकाल कामगाराच्या बाबतीत कडक वाटतो, पण त्यामागचा विचार कळतो. भिंतीच्या आत, आपल्या माणसांत बोललात तर ते बोलणं तुमचं. आणि मालकाने पासवर्ड मागणं किंवा फोन उघडायला लावणं म्हणजे नेमकी ही भिंतच पाडणं! ती पडली की प्रत्येक कुजबुज ही जाहीर घोषणा ठरते आणि मग कुठल्याही निकालाचा आधार उरत नाही.

सरकारी नोकरीचं स्वप्न पाहणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी २८ जुलै २०२५ चं महाराष्ट्र शासनाचं परिपत्रक जरूर वाचावं. सामान्य प्रशासन विभागाने काढलेलं हे परिपत्रक सांगतं, की कर्मचाऱ्याने वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवावं, गोपनीय कागद टाकू नयेत, बंदी असलेली ॲप वापरू नयेत, आणि राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये. हे नियम कंत्राटी कर्मचाऱ्यांना, स्थानिक स्वराज्य संस्थांना आणि महामंडळांनाही लागू आहेत. यातली पहिली सूचना मला अतिशय योग्य वाटते. दोन खाती वेगळी ठेवणं याचा अर्थच असा, की एक खातं ऑफिसचं आणि दुसरं माझं. पण मग त्या 'माझ्या' खात्यावर पाणीपट्टीबद्दल किंवा खड्ड्यांबद्दल मी काय लिहिते यावर साहेबाची नजर राहणार असेल, तर ते माझं कसं? एका हाताने वेगळं करायचं आणि दुसऱ्या हाताने पुन्हा जोडायचं, असं हे झालं.

एमएससाठी बाहेर जाणाऱ्यांची तर आणखी गंमत आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची नावं द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सांगितलं गेलं, की खात्यांची सेटिंग 'पब्लिक' करा. १५ डिसेंबर २०२५ पासून हेच एच-वन-बी वाल्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनाही लागू झालं. बघा, पासवर्ड कुणीच मागितला नाही. कुलूप तोडायची गरजच काय, मालकानेच दार उघडं ठेवून बाजूला व्हायचं! या सूचनेनंतर माझ्या ओळखीच्या एका मुलीने रात्रभर बसून आठ वर्षांचे फोटो पुसले. त्यात आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटोही गेले. त्यात गैर काहीच नव्हतं, पण 'उगाच कशाला' म्हणून गेले. माझं म्हणणं एवढंच, की 'उगाच कशाला' हे दोन शब्द एकदा डोक्यात बसले की माणूस स्वतःच स्वतःचा सुपरवायझर होतो.

आता मालकाची बाजू. ती न मांडता नुसती बोंब ठोकली तर हा लेख भाषणस्पर्धेतला होईल. कंपनीला भीती असते, आणि ती खोटी नसते. नवा माणूस कसा आहे हे तिला जाणून घ्यायचं असतं. चोरी, छळ, धमक्या यांची तक्रार आली तर चौकशी करावीच लागते. आपल्या अंबरनाथला तर आयुध निर्माणी आहे, तिथे सुरक्षेचा प्रश्न किती गंभीर असेल हे वेगळं सांगायला नको. नागपूरच्या ब्रह्मोस प्रकल्पातल्या एका तरुण अभियंत्याचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, जून २०२४ मध्ये जन्मठेप झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या मुख्य आरोपांतून त्याला मुक्त केलं. या प्रकरणात सोशल मीडियावरच्या बनावट ओळखी होत्या, नोकरीचं आमिष होतं आणि लिंकमधून लॅपटॉपमध्ये शिरलेलं मालवेअर होतं.

'मग बघा, अशा ठिकाणी तरी खाती तपासायला नकोत का?' असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं, की आजार कुठे आहे ते आधी नीट बघा. कामाच्या फाईल वैयक्तिक लॅपटॉपवर जाऊच नयेत, अनोळखी लिंक उघडू नये, परक्या माणसाने नोकरी देऊ केली तर वरिष्ठांना कळवावं, या तीन गोष्टींनी असा धोका बराच कमी होतो. या तिन्हींसाठी कुणाच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड लागत नाही. आणि जिथे खरोखर गुन्ह्याचा संशय आहे तिथे पोलीस आहेत, न्यायालय आहे, ठरलेली पद्धत आहे. एचआरच्या टेबलावर बोट फिरवून तपास होत नाही, फक्त दहशत बसते.

आपण इंजिनिअर आहोत, तेव्हा जरा तांत्रिक अंगाने बघू. पासवर्डचं काम काय? 'हे मीच केलं' याची खात्री. दुसऱ्याला पासवर्ड दिला त्या क्षणी ती खात्री संपली. उद्या त्या खात्यावरून घाणेरडा मेसेज गेला तर तो मी पाठवला की एचआरने, हे कोण सांगणार? लॉगमध्ये नाव माझंच येणार. म्हणजे पासवर्ड मागणारी कंपनी स्वतःच्याच चौकशीतला पुरावा नासवते! दुसरं म्हणजे सिस्टिम डिझाईन करताना आपण शिकतो, की ज्याला कामासाठी जेवढं लागतं तेवढंच उघडून द्यावं. पगारपत्रक करणाऱ्या क्लार्कला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कुणी देत नाही. मग कँटीनच्या एका फोटोसाठी माणसाचं अख्खं आयुष्य का उघडायचं? तिसरं, आज एकाच मेलवर बँक, आधार, डिजीलॉकर, डॉक्टरांचे रिपोर्ट सगळं टांगलेलं असतं. एक किल्ली दिली की पूर्ण वाडा उघडतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, खातं एकट्या माझं नसतंच. माझ्या इनबॉक्समध्ये माझी रूममेट रात्री रडून जे बोलली ते आहे, भावाचं प्रेमप्रकरण आहे, मैत्रिणीचा फोटो आहे. त्यांनी ते मला सांगितलं, माझ्या कंपनीला नाही. मी सही करून फार तर माझा हक्क सोडू शकते. त्यांचा हक्क सोडायचा अधिकार मला कुणी दिला? मुली या गोष्टीकडे आणखी एका कारणाने बघतात. आमच्यापैकी बहुतेकींचं खातं 'प्रायव्हेट' असतं ते काही पापं झाकायला नाही. अनोळखी माणसांनी फोटो उचलू नयेत म्हणून असतं. ट्रेनिंगला गेलेल्या एका ज्युनिअरला तिथल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात फॉलो रिक्वेस्ट पाठवली. 'टीमला सगळे कनेक्टेड असावेत' म्हणे! स्वीकारावी तर घरच्या लग्नातले फोटो साहेबांच्या हातात, नाकारावी तर सर्टिफिकेटवर सही साहेबांचीच. सांगा, तिने काय करायचं?

कायदा आपल्या पाठीशी किती आहे, तेही मोकळेपणाने बघू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. अभिमानाची गोष्ट! पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, प्लॉट नंबर अमुकच्या खासगी मालकाविरुद्ध ते वापरणं लांबचं काम. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात संमतीची व्याख्या छान आहे. संमती मुक्त हवी, विनाअट हवी, नेमक्या कामापुरती हवी. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची सवलत आहे. शिवाय तुम्ही स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. 'पब्लिक' करा म्हणण्यातली मेख आता कळली ना? या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे.

चोरून दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण इथे चोरी कुठे आहे? आपणच मान खाली घालून दिलेला असतो. मेरीलँडसारखा 'मागायचाच नाही' म्हणणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. राहता राहिले कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे गैरवर्तन कशाला म्हणायचं आणि चौकशी कशी करायची याचे लेखी नियम. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ते ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच बंधनकारक आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या १९४६ च्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. आपल्या आनंदनगरच्या शेडमध्ये चाळीस-पन्नास माणसांवर चालणारे युनिट पुष्कळ आहेत. तिथे नियम म्हणजे मालकाच्या तोंडून निघेल ते.

म्हणून मला वाटतं, कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा सुरुवात आपल्या हातात आहे तिथून करावी. आपल्या कॉलेजचा प्लेसमेंट सेल कंपनी येण्याआधी तिच्याकडून फॉर्म भरून घेतो. पगार किती, बाँड आहे का, शिफ्ट कुठली, सगळं त्यात असतं. त्याच फॉर्ममध्ये एक ओळ वाढवावी, अशी माझी टीपीओ सरांना आणि प्राचार्यांना विनंती आहे: 'निवड प्रक्रियेत किंवा ट्रेनिंगमध्ये विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्याचा पासवर्ड, फोन उघडून दाखवणे किंवा खाते सार्वजनिक करणे यांची मागणी केली जाणार नाही.' यासाठी खर्च शून्य. चांगल्या कंपनीला सही करायला अडचण नाही. ज्या कंपनीला अडचण वाटेल तिच्याबद्दल आपल्याला आधीच कळलेलं बरं! इनप्लांट ट्रेनिंगच्या पत्रातही हीच ओळ घालता येईल. एकट्या मुलीला 'नाही' म्हणणं जड जातं, तेच कॉलेजच्या लेटरहेडवरून म्हटलं तर सोपं होतं. शिक्षकवर्गानेही या बाबतीत आमच्यासोबत उभं राहावं, कारण उद्या हीच मागणी त्यांच्यापुढेही येऊ शकते.

आणि आपण काय करायचं? जे चौकात बोलायचं ते चौकात बोलल्यासारखं, विचार करून बोला. कामाचं प्रोफाईल वेगळं ठेवा, ते कंपनीने खुशाल बघावं. प्रोजेक्ट, सर्टिफिकेट, गॅदरिंगचे फोटो, सगळं त्यावर टाका. कंपनीच्या लॅपटॉपवर आपलं वैयक्तिक खातं उघडू नका, कारण तो लॅपटॉप त्यांचा आहे. आणि कुणी पासवर्ड किंवा फोन मागितला तर आवाज न चढवता तीन वाक्यं बोला: 'सर, हे मागणीचं पत्र लेखी मिळेल का? नेमकं काय तपासायचं आहे ते सांगाल का? तेवढंच मी माझ्या हाताने दाखवते.' पुष्कळदा 'लेखी' हा शब्द ऐकूनच मागणी विरघळते.

पण मामांसारख्या माणसाला हे शिकवायला मी जाणार नाही. त्यांच्याकडे कॉलेजचं लेटरहेड नाही आणि दुसरी नोकरीही नाही. एक मात्र लक्षात ठेवू या. आज टेबलाच्या अलीकडे उभे असलेले आपण चार-पाच वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसणार आहोत. कुणी शिफ्ट इंजिनिअर होईल, कुणी प्लांट मॅनेजर, कुणी स्वतःचं युनिट टाकेल. त्या दिवशी कँटीनच्या डाळीचा फोटो फिरला, तर कामगाराचा फोन मागण्याआधी एकदा कँटीनमध्ये जाऊन ती डाळ खाऊन बघा. फोटो कुणी काढला हे शोधण्यापेक्षा डाळ सुधारणं जास्त सोपं आहे, आणि इंजिनिअरने सोपा उपाय आधी करावा असं आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलं आहे!